रांगेतली मोकळी जागा

ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. सेवाकाळात अपघातांचे पंचनामे मी पुष्कळ केले आणि त्यांतल्या बहुतेकांचा तपशील आता पुसट झाला आहे. या एका प्रकरणातले जबाब मात्र मला जवळजवळ शब्दशः आठवतात. त्यांतले पहिले पाच जबाब चुकीचे होते आणि ते तसे होण्यात माझ्या ठाण्याचाही वाटा होता, हे त्याचे एक कारण असावे.

त्या वेळी मी सोलापूर शहराबाहेरच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. रविवार होता. सकाळी साडेसातच्या सुमारास ठाणे अंमलदारांनी वर्दी दिली की, मंगळवेढा रस्त्यावर सीना नदीच्या पुलापुढच्या चढावर एका सायकलस्वाराला टेम्पोने उडवले आहे आणि टेम्पो पळाला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा जखमीला रुग्णालयात हलवलेले होते. रस्त्याच्या कडेला मोरीच्या कठड्याशी एक सायकल पडलेली होती आणि चार माणसे हेल्मेट हातात धरून उभी होती; त्यांचा पाचवा सोबती जखमीबरोबर गेला होता. आमचा पंचनामा संपण्यापूर्वीच रुग्णालयातून मृत्यूची खबर आली. मृत गृहस्थ एका महाविद्यालयात प्राध्यापक होते. वय पंचेचाळीस, घरी पत्नी आणि शाळकरी मुलगी. सायकल चालवायला लागून त्यांना सहा महिनेही झाले नव्हते.

दर रविवारी सहा जणांचा हा गट पहाटे निघून चाळीस-पन्नास किलोमीटर फिरून येत असे. गटाचे प्रमुख औषधांचे दुकान चालवत. सगळे त्यांना कप्तान म्हणत. फिर्याद त्यांनीच दिली. ‘पाठीमागून भरधाव आलेल्या टेम्पोने कट मारून प्राध्यापकांना धडक दिली, हे मी समक्ष पाहिले,’ असे त्यांनी लिहून दिले. उरलेल्या चौघांचे जबाबही दुपारपर्यंत झाले.

टेम्पोचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. पुलापासून काही अंतरावरच्या चहाच्या टपरीवाल्याने फोन केला. "साहेब, हितं एक डाळिंबाचा टेंपो हुबा हाय. डायवर कपाळाला हात लावून बसलाय. चा दिला तर घेत न्हाय, इचारलं तर बोलत न्हाय." आमचे हवालदार त्याला टेम्पोसह घेऊन आले.

चालक सांगोला तालुक्यातला, तिशीतला माणूस होता. घरी मेंढरे, थोडी कोरडवाहू जमीन आणि एक भाड्याने चालवायला घेतलेला टेम्पो. आरोपी चौकशीत सहसा दोन प्रकारे बोलतात : काहीही केले नाही म्हणतात, नाहीतर सगळे दुसऱ्याने केले म्हणतात. हा माणूस दोन्ही म्हणाला नाही.

"सायकली दिसल्या व्हत्या का?" मी विचारले.

"व्हय साहेब. लांबनंच दिसल्या. म्या हारण दिला, गाडी पलीकडं घेतली. निम्मं वलांडल्यावर मागं खाडकन वाजलं. आरशात बघितलं तर माणूस पडल्याला."

"मग थांबला का नाहीस?"

"भ्यालो. ती माझी चूक हाय. पर साहेब, माझी गाडी लागली का त्येला? मला कळलंच न्हाय. तुमी बघून सांगा की."

गुन्ह्याची उकल पोलिसांना विचारणारा आरोपी मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. माझ्या मनात तेव्हा दया नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पळालेला माणूस खोटाच बोलणार, असे मी धरून चाललो होतो. गुन्हा जामीनपात्र असल्याने तो संध्याकाळी जामिनावर सुटला. टेम्पो ठाण्याच्या आवारात राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो माणूस रोज सकाळी एसटीने येऊ लागला. टेम्पोची डावी बाजू पुढून मागे, मागून पुढे निरखायचा, उकिडवा बसून खालचा पत्रा बघायचा आणि दुपारच्या गाडीने परत जायचा. तिसऱ्या दिवशी हवालदारांनी त्याला हटकले.

"अरं, काय खजिना पुरलाय का त्या टेंपोत?"

"कुटं खरचटल्याची खूण हाय का बघतोय, हवालदारसाहेब."

"मिळाली का?"

"न्हाय. पर मन मानंना. गावात लोक माणूस मारून आला म्हंत्यात. बायकूबी बोलंना झालीय. म्या मारला आसंल तर मारला म्हणा, न्हाय तर न्हाय म्हणा. मधीच लटकून जीव जाईल माझा."

हे मी खिडकीतून ऐकले. त्या दिवशी प्रकरणाचे कागद मी पुन्हा काढले.

मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आलेला होता. टेम्पोच्या डाव्या बाजूवर धडकेची ताजी खूण नाही. धुळीचा थरही जागच्या जागी आहे. शवविच्छेदनात मानेला झालेली इजा मृत्यूचे कारण म्हणून नोंदलेली होती. वाहनाच्या धडकेने होणाऱ्या जखमा नव्हत्या. मग मी पाचही जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचले. पाचही ठिकाणी ‘पाठीमागून भरधाव आलेल्या टेम्पोने कट मारून’ हे शब्द त्याच क्रमाने होते. मी जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदारांना बोलावले. ते प्रामाणिक गृहस्थ होते.

"साहेब, कप्तानांची फिर्याद संगणकावर होतीच. बाकीच्यांना विचारलं, असंच झालं ना? ते हो म्हणाले. मग तेवढा मजकूर तसाच घेतला. रविवार होता, माणसं रडत होती."

मी त्यांना रागावलो नाही. आमच्या ठाण्यात ही पद्धत सर्रास होती आणि ती मला माहीत होती.

दरम्यान, हवालदारांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ते नातेपुत्याचे, त्यांच्या वडिलांचे तिथे तासावर सायकली देण्याचे दुकान होते. मुद्देमाल खोलीत ठेवलेली प्राध्यापकांची सायकल बघून आधी त्यांनी तोंड वाकडे केले. "स्टँड न्हाय, घंटी न्हाय, मडगार्ड न्हाय. ही सायकल हाय का सायकलीचा सांगाडा?" मग ते पुढच्या चाकाशी बसले आणि टायरच्या बाजूवरचा वीतभर घासलेला भाग त्यांनी अंगठ्याने चाचपला. "साहेब, पत्र्याला घासलं आसतं तर रबर फाटलं आसतं. हे रबरावर रबर घासल्यालं हाय. चाकाला चाक लागलंय."

मी पाचही जणांना वेगवेगळ्या वेळी बोलावले आणि जबाब स्वतःच्या हाताने लिहिले. सुरुवात कप्तानांपासून केली. मला सायकलिंगमधले काही कळत नाही, तुम्ही कसे चालवता ते सांगा, असे म्हटल्यावर त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

ते सांगू लागले. सगळे एकामागे एक, एका रेषेत चालवतात. याला ते पेसलाइन म्हणतात. पहिला माणूस वारा अंगावर घेतो, त्यामुळे मागच्यांचे श्रम वाचतात. काही मिनिटांनी तो कोपर हलवून बाजूला होतो आणि शेवटी जातो. मग दुसऱ्याची पाळी. खड्डा दिसला की पहिला हात खाली करून दाखवतो आणि प्रत्येक जण ती खूण मागच्याला देतो. मागून वाहन आले की शेवटचा ‘गाडी’ म्हणून ओरडतो. अचानक ब्रेक लावायचा नाही, वाकडेतिकडे जायचे नाही. पुढच्या माणसाच्या मागच्या चाकात आणि आपल्या चाकात निदान हातभर अंतर ठेवायचे.

"आणि पहिल्याने मागे वळून बघायचे का?"

"छे, अजिबात नाही. मान वळवली की सायकल वळते की, साहेब. पुढच्याने मागे बघायचं नसतं. आमचा नियमच आहे तो."

"त्या दिवशी पहिले कोण होते?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "मीच होतो," ते म्हणाले. "मी पाहिलं नाही. आवाज आला तेव्हा टेम्पो शेजारून जात होता. मला वाटलं, दुसरं काय असणार?"

रांगेत सर्वांत मागे एक दंतवैद्य बाई होत्या. टेम्पो प्रथम त्यांच्याच शेजारून गेला होता. त्यांना मी फक्त अंतर विचारले. त्यांनी खुर्चीतून उठून उजवा हात पूर्ण लांब केला. "हात असा केला असता तरी लागला नसता. मी ‘गाडी’ म्हणून ओरडलेही होते." हे आधी का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "रुग्णालयात सगळे टेम्पो, टेम्पो म्हणत होते. मला वाटलं, पुढे जाऊन तो आत आला असेल. आणि खरं सांगू का, टेम्पो नसेल तर मग आपल्यातलं कोणीतरी, हा विचारच नको होता."

प्राध्यापकांच्या पुढे, म्हणजे रांगेत दुसऱ्या क्रमांकावर, त्यांचे बालमित्र होते. ते एका बँकेत अधिकारी होते आणि प्राध्यापकांना सायकलीवर त्यांनीच आणले होते. त्यांचा जबाब सर्वांत तोकडा झाला. "मला काही सांगता येत नाही," एवढेच ते दोनतीनदा म्हणाले. मी जोर केला नाही. चौकशीत शांतता सहन करणे हे ओरडण्यापेक्षा कठीण काम असते. त्या दिवशी ते मला जमले, इतकेच.

पुढच्या रविवारी सकाळी त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, मी त्यांना पंचांसमक्ष पुन्हा तसेच चालवून दाखवायला सांगितले. मी आणि हवालदार मागून जीपमध्ये होतो. पाच जण निघाले. मूळ रांगेतल्या दुसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये एका सायकलीएवढी जागा मोकळी राहिली. तशी ठेवा, असे मी सांगितले नव्हते. पूल संपेपर्यंत ती जागा कोणी भरली नाही. हवालदार एकदाच हळू आवाजात म्हणाले, "साहेब, बघा, त्यो अजून रांगंत हाय."

चढ सुरू झाला. बँक अधिकारी जोर लावण्यासाठी सीटवरून उठले. त्या क्षणी मी समोर पाहत होतो, म्हणूनच मला ते दिसले : उठणाऱ्या माणसाची सायकल पॅडलवर नवा जोर बसेपर्यंत रांगेच्या मानाने वीतभर मागे आली. ते तसेच अर्धवट उठलेले राहिले, मग थांबले, उतरले आणि मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. मी जवळ गेलो.

"मी उठलो होतो, साहेब," ते म्हणाले. "उठण्याआधी मागच्याला सांगायचं असतं. तो नवीन होता, फार चिकटून चालवायचा. मी त्याला दहादा म्हटलं होतं, बाबा, हातभर लांब राहा. आणि त्या दिवशी मीच न सांगता उठलो. मागच्या चाकाला कोणी बोट लावावं तसं झालं. एवढंच. मी तर हललोही नाही."

"हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"बोट लागलं ते कळलं होतं. त्याचा अर्थ रुग्णालयात कळला. पण तोवर सगळे टेम्पोचं बोलत होते. कोणीतरी मला त्या गोष्टीत बसवलं आणि मी बसलो."

कप्तान आमच्यामागे उभे होते. त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. बँक अधिकाऱ्यांनी तो बाजूला केला नाही. मानही वर केली नाही.

सरकारी वकिलांचे मत घेतले. गुन्हा ठरावा इतका हलगर्जीपणा त्यात दिसत नाही, असे त्यांनी कळवले. गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचा अहवाल मी न्यायालयाला सादर केला. तो जाण्यापूर्वी बँक अधिकारी प्राध्यापकांच्या घरी जाऊन आल्याचे मला समजले. तिथे काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. तो माझा अधिकार नव्हता.

चालकाला मी ठाण्यात बोलावून सगळे सांगितले. तुझी गाडी लागलेली नाही, असे म्हटल्यावर तो हात जोडेल, रडेल, अशी माझी अपेक्षा होती. तो बाकावर बसला आणि त्याने उलट मलाच विचारले.

"मग त्यो माणूस मेला कशानं?"

चाकाला चाक लागले, ते पडले आणि मानेला मार बसला, असे मी त्याला थोडक्यात सांगितले.

"त्या दुसऱ्या सायबाला म्हाईत हाय हे?"

"हो. त्यांनीच सांगितलं."

"मग आता त्येला झोप लागत नसंल," तो म्हणाला. "मला म्हाईत हाय ते कसं आसतं." जाताना तो दारात वळला. "साहेब, त्येंनी सांगितलं म्हणून म्या सुटलो. त्येंला कुणी सोडवायचं?"

या तपासाने मला शिकवले ते साधेच आहे. साक्षीदाराला काय पाहिले हे विचारण्याआधी, तो जिथे होता तिथून त्याला काय दिसू शकत होते हे विचारावे. आणि एकाचे शब्द दुसऱ्याच्या जबाबात कधीही घालू नयेत. त्या पाच जणांनी कट केला नव्हता. शेजारून जाणारे एक अनोळखी वाहन त्यांना सापडले आणि आपल्यातल्या माणसाकडे बघण्याची वेळ टळली, एवढेच घडले. माझ्या ठाण्याने त्यावर शिक्का मारला. डाव्या पत्र्यावर खूण शोधत बसणारा तो माणूस रोज आला नसता, तर मी ते कागद पुन्हा काढले असते, असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

निवृत्तीनंतर एकदा औषधे घ्यायला गेलो असता कप्तान भेटले. गट अजून चालतो, असे ते म्हणाले. आता चढावर उठण्याआधी प्रत्येक जण मोठ्याने सांगतो आणि मागच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय कोणी उठत नाही. मी बँक अधिकाऱ्यांची चौकशी केली.

"येतात की. एकही रविवार चुकवत नाहीत," ते औषधे पिशवीत भरत म्हणाले. "पण पुढची पाळी घेत नाहीत. सर्वांत शेवटी चालवतात. आम्ही आग्रह करत नाही. तिथे त्यांच्या मागे कोणी नसतं."