वापरात नसलेली दोन बोटं

सुतारांच्या कारखान्यात त्याला सगळे तीनबोट्या म्हणत. यंत्रकरवतीनं डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट खाल्लं तेव्हा तो ऐन उमेदीत होता. सुट्टीच्या दिवशी मैदानावर पहिला उतरणारा गडी. बोटं गेली, पण खेळ काही सुटला नाही. डाव्या मुठीत जोर राहिला नाही, म्हणून उजव्या हातानं बॅटचा दांडा कोंबडीची मान आवळावी तसा आवळायचा.

पोरगी त्याचं बघूनच शिकली. भुशात उभी राहून फळकुटानं चेंडू टोलवायची. लोक म्हणायचे, "खाण तशी माती! अगदी बापाचा हात." ऐकून त्याची छाती वीतभर फुगायची. पोरीला द्यायला त्याच्यापाशी दुसरं होतं तरी काय?

आता ती मोठ्या संघाच्या निवडीला उभी होती. निवड उद्यावर आलेली, आणि सरावात तिचा समोरचा एकेक फटका हवेत उडत होता. तो कुंपणाला टेकून बघत होता. शिकवणाऱ्या बाईंनी जवळ जाऊन तिची मूठ पाहिली.

"अगं, ही दोन बोटं घरी विसरलीस का?"

डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट दांड्यावर नव्हतंच. दोन्ही मुडपून बाजूला बसलेली.

"बाबा अशीच धरतात," पोरगी म्हणाली.

"मग उद्या बाबांसारखीच बाहेर बसशील."

बाईंना काय माहीत? कुंपणापाशी त्यानं डावा हात हळूच खिशात घातला.

संध्याकाळी अंगणात पोरगी बॅट घेऊन रडकुंडीला आली. "वरची मूठ घट्ट, खालची सैल म्हणे. बाबा, तुम्ही दाखवा ना."

"कशानं दाखवू? कपाळानं?" तो करवादला. मग त्यानं बॅट जमिनीवर पालथी टाकली. "बॅट आहे हे विसर. सरपण फोडायला कुऱ्हाड उचलतेस तशी उचल."

तिनं उचलली. दोन्ही मुठी सरळ एका रेषेत बसल्या. पण ती दोन बोटं पुन्हा सुटली. त्यानं खिशातून लाकडावर रेघ मारायचं सूत काढलं, बोटं दांड्याला बांधली आणि दातानं गाठ ओढली.

"बांधताय काय? मी काय चोर आहे?"

"बोटं माझी गेलीत, तुझी नाहीत. आहेत ती वापर."

तो चेंडू टाकत गेला. पहिला उडाला, दुसराही. मग एक जमिनीला चिकटून भिंतीपर्यंत सरपटत गेला. त्याच्यामागून आणखी एक.

"सूत सोडू?" तिनं विचारलं.

त्यानं सोडलं. बोटं दांड्यावरच राहिली.

दारातून तिची आई म्हणाली, "आता नाही हो दिसत तुमच्यासारखी."

"नकोच दिसायला," तो म्हणाला आणि चेंडू आणायला भिंतीकडे गेला. परत यायला त्याला जरा वेळच लागला.