डोंगरकड्याच्या घराचं ठेंगणं दार

मित्रांनो, घराचं कर्ज थकलेल्यांना सरकारनं मदत करावी का? आज सकाळी गाडीत मी ठणकावून म्हणालो, "झेपत न्हाई तर घर घ्यावं काहून?" मागं बसलेल्या माझ्या नव्वदीच्या आत्यानं ते ऐकलं.

वाटेत डोंगरकडा गावात तिनं गाडी थांबवायला लावली. निजामाच्या काळात आमचं घर इथंच होतं. आजोबा शिंपीकाम करायचे. आजीच्या आजारपणात त्यांनी सावकाराकडं घर गहाण ठेवलं अन् ते गेलंच. आत्या तेव्हा दहा वर्षांची.

आता तिथं दुसऱ्यांचं स्लॅबचं घर आहे. मालकीणबाई म्हणाल्या, "या की आजी, आत या."

आत्या उंबऱ्यापाशी थांबली, कमरेत वाकली, डोकं सांभाळत आत गेली. दार तर चांगलं सात फूट उंच!

"वाकलात काहून?" बाईंनी विचारलं.

आत्या ओशाळली. "आमचं दार ठेंगणं होतं माय. सरकारनं सावकाराला दोन लग्नसराया थांब म्हटलं असतं, तर बापानं लग्नाचे कपडे शिवून घर सोडवलं असतं."

सकाळचं माझं बोलणं मी मागं घेतो. तुमीच सांगा, दोन लग्नसराया थांबणं एवढं जड असतं का?