जेवण आमचं, पाणी तुमचं

"कौसल्यामावशी गेल्या गं..." गेल्या महिन्यात वर्गमैत्रिणीचा फोन आला तेव्हा समोर पेशंट बसला होता. त्याला औषध लिहून दिलं, मग दार लावून रडले. मावशी नव्वदीला टेकल्या होत्या, झोपेतच गेल्या; रडण्यासारखं खरं तर काही नव्हतं. पण परमुलखात ज्यांनी पाच वर्षं जेवू घातलं, त्यांच्या बाबतीत असलं शहाणपण सुचत नाही.

मी रत्नागिरीची, शाकाहारी घरातली. डॉक्टर व्हायला अंबाजोगाईला आले आणि पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आले. ऊन मरणाचं, आणि परवडेल तिथे मटण. एका ढाब्यावर शाकाहारी मागितलं, तर मालकाने डावाने तुकडे बाजूला सारून नुसता रस्सा वाढला. "घ्या, व्हेज." मग कॉलेजच्या दवाखान्यामागच्या गल्लीत मावशींची खाणावळ सापडली. दहा-बारा बायकांची सहकारी संस्था, मावशी अध्यक्ष. ज्वारीची भाकरी, येसर मसाला घातलेली झणझणीत आमटी, ठेचा. पेशंटच्या नातेवाइकांनाही परवडेल असं पोटभर जेवण. मी आधी नाक मुरडलं, महिन्याभरात बोटं चाटू लागले.

तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला. आधी भाज्या गेल्या, मग नळ गेला. टँकरच्या पाण्यात स्वयंपाक कसाबसा व्हायचा, प्यायला उरायचं नाही. सभासद बायकांची बैठक बसली. मी पलीकडे जेवत होते, सगळं ऐकू येत होतं. बहुतेकींचं म्हणणं, पाऊस पडेपर्यंत बंद ठेवू.

"पत्रावळीवर वाढू, म्हंजी भांडी घासाय नगं," मावशी म्हणाल्या. "आन् प्यायचं पानी ज्याचं त्यानं आनावं."

त्या भागात दारी आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतात, मग विचारपूस. त्यालाच पाणी आणायला सांगायचं?

"लोक तोंडात शेन घालतील, मावशे. लई लाज वाटती," एक सभासद म्हणाली.

"वाटू दे की. लाजंनं कुनी मरत न्हाई. दवाखान्यातल्या मानसांनी जेवाय कुटं जायाचं?"

दुसऱ्या दिवशी दारावर खडूने लिहिलं होतं: जेवण आमचं, पाणी तुमचं. मावशी मात्र बाहेर येईनात, दाराकडे पाठ करून भाकऱ्या थापत बसल्या. भर दुपारी मी तांब्या घेऊन पोचले, तर दाराशी रांग! तांबे, किटल्या, बाटल्या... सुनेच्या बाळंतपणासाठी युसूफ वडगाव या खेड्यातून आलेल्या एका आजोबांनी तर एसटीतून भरली कळशी आणली होती. "मावशी, आमच्या हिरीला पानी हाय आजून. ह्ये तुमच्या आमटीला घ्या." मावशी वळल्या, रांग पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडल्या. त्या उन्हाळ्यात खाणावळ एक दिवसही बंद राहिली नाही. याचा मला आजही स्वतःच्या पदवीहून जास्त अभिमान आहे.

नळाला पाणी आलं त्या दिवशी मावशी सकाळपासून दारात उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला आधी पेला, मगच आत. "घ्या. आता आमचं घ्या."

"तहान नाही हो मावशी," मी म्हणाले.

"नसू दे. घ्या."

परवा मुद्दाम अंबाजोगाईला गेले. खाणावळ सुरू आहे, भिंतींना नवा रंग आहे. दारात एक तरुण सभासद होती; ती यंदाच आलेली, मावशींचं खाणावळीत येणं वयामुळे केव्हाच थांबलेलं; त्यांना तिने कधी पाहिलंही नव्हतं. माझं नावगाव न विचारता तिने आधी पाण्याचा पेला पुढे केला.

तहान नव्हती. घेतला.