शेवटच्या पानावरचं ‘मला’

त्या कादंबरीचा केवढा गाजावाजा झाला होता! काल्पनिक बेट, ढगांशी बोलणारे तिथले लोक, जहाजातून येऊन ते बेट गिळणारे परके आणि शेवटी बंड. इंग्रज जाऊन फार वर्षं झाली नव्हती, महाराष्ट्र तर नवाकोराच. असलं पुस्तक मराठीत निघालं याचाच मला अभिमान! खामगावच्या वाचनालयात मी त्यासाठी हेलपाटे घातले.

आमचा भाजीचा मळा. आईला अक्षरओळख नव्हती, पण ऐकायची भारी हौस. सुट्टीच्या दिवसांत दुपारी ती ओसरीवर लाल मिरच्यांचे देठ खुडायची आणि मी तिला वाचून दाखवायची. शिंकत शिंकत ती पात्रांना शिव्या घालायची, सल्ले द्यायची.

पुस्तकाने लवकरच डोकं उठवलं. ढग बेटकरांशी बोलतात खरे, पण ‘उठा, लढा’ हे सांगायला परक्या कप्तानाचाच मुलगा लागतो! यांना स्वतःहून काही सुचतच नाही. मी चरफडत वाचत होते, तेवढ्यात बेटावरचा एक म्हातारा गुलाम आला. हातून घागर सांडली म्हणून मार खाताना तो म्हणाला, “मले काऊन मारता?”

आईचे हात थांबले. “अवो माय! हा त आपल्यावाणी बोलते!”

पुस्तकातलं माणूस आपल्यासारखं वऱ्हाडी बोलतं, हे तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग रोज बसल्याबसल्या विचारायची, “म्हातारा आला का वं?” लेखकाने त्याला नुसतं हसवण्यासाठी ठेवला होता. बाकी सगळे, परकेसुद्धा, कसे तोलूनमापून, छापील बोलत. आई मात्र त्याची वाट पाहायची.

शेवटच्या पानावर बंड यशस्वी झालं. कप्तानाच्या मुलाने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “मला आता कुणाचीही भीती वाटत नाही.” संपली कादंबरी.

“हे कोन बोललं?” आईने विचारलं.

“म्हाताराच.”

“मंग त्याचं ‘मले’ कुठी गेलं?”

“सुटला ना तो आता.”

आई उठली. मिरच्या सुपात भरून आत गेली.

माझं डोकं तडकलं. अख्खं पुस्तक परक्यांच्या नावाने बोटं मोडणार, आणि सुटका झाल्याची खूण काय, तर म्हाताऱ्याने त्यांचं बोलणं उचललं! लेखकाला वाटलं असेल, आपण त्याला माणसात आणला. पुस्तक परत केलं तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, “भाषा काय सुंदर आहे, नाही?” मी ते टेबलावर आपटलं आणि निघाले.

पुढच्याच आठवड्यात मी शिकवत असे त्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका घरी आल्या. पुण्याच्या, स्वभावाने गोड. शाळेत मीही ‘मला’च म्हणे, घरात मात्र आम्ही सगळे ‘मले’. आई कुणासमोर दबणारी नव्हती, मळ्यावर आलेल्या साहेबालाही ती आपल्याच बोलीत खडसावायची.

मी चहा आणला. बाई आईला म्हणाल्या, “तुम्हीही घ्या ना आमच्याबरोबर.”

आईने पदर सारखा केला. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जपून, एकेक अक्षर उचलून म्हणाली, “मला नको.”