सात नंबरची म्हैस

गौराबाई मगदूम लग्न होऊन कळंब्यात आली, त्याच दिवशी भरमाप्पाला तिचा अंदाज यायला हवा होता. हळदीच्या पाण्यातली अंगठी शोधायचा खेळ चालला होता. भरमाप्पा कोपरापर्यंत हात भिजवून परात ढवळत राहिला, भोवतीच्या बायका हसून बेजार झाल्या, आणि अंगठी मात्र पहिल्यापासून गौराबाईच्या डाव्या मुठीत होती. तोंडावरची रेषही हलली नव्हती तिच्या.

पुढं केस पिकले, पण खोड गेली नाही. शेजारच्या धोंडुबाईच्या कोंबड्याच्या पायात घुंगरू बांधावं, दुधाला आलेल्या पावण्यांशी मुद्दाम कानडीत बोलून त्यांना गोंधळात पाडावं, असले उद्योग ती अगदी गंभीर चेहऱ्यानं करायची. माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं, त्यामुळं कानडीला तोटा नव्हता. म्हशींवर मात्र तिचा जीव. दावणीला सहा म्हशी होत्या. भरमाप्पा फौंड्रीत भट्टीपुढं उभं राहून निवृत्त झाला होता आणि आता गोठ्यात बायकोच्या हाताखाली होता.

गेल्या वर्षी तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा संगमेश एक खोकं घेऊन आला. तो इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करायचा. त्यानं गोठ्याच्या मधोमध खांब रोवला, त्यावर अँटेना बसवली आणि प्रत्येक म्हशीच्या गळ्यात पट्टा बांधला. पट्ट्यात रुपयाएवढी चकती. तिच्यात बॅटरी नव्हती. खांबातून रेडिओच्या लहरी निघायच्या, त्यांतूनच चकती आपल्यापुरती वीज गोळा करायची आणि म्हशीचं अंग किती गरम आहे, ती कुठं आहे, किती हलली, हे खांबाला कळवायची, आणि खांबाकडून ते गौराबाईच्या मोबाईलवर यायचं. म्हैस माजावर आली की लगेच समजेल, असं त्यानं मावशीला सांगितलं.

सुरुवातीला नुसता गोंधळ झाला. खांबानं विचारलं की सगळ्या चकत्या एकदम बोलायच्या. कुणाचंच धड ऐकू यायचं नाही, आणि त्या गलक्यात साठवलेली इवलीशी वीज संपून चकत्या अर्ध्यातच मुक्या व्हायच्या. संगमेश मांडीवर लॅपटॉप घेऊन वैरणीच्या पेंढ्यांवर बसून राहायचा. शेवटी त्यानं चकत्यांना शिस्त लावली. आधी पुरेशी वीज साठवायची, मग आपली पाळी येईतो थांबायचं, आणि काही नवं घडलं असेल तरच तोंड उघडायचं.

"आमच्या भजनी मंडळाच्या बायकांस्नी हे बसवता येतंय का बघ की," गौराबाई म्हणाली.

जाताना त्यानं एक जादा चकती तिच्याकडं ठेवली, एखादी बिघडली तर असावी म्हणून. सात नंबरची. तिथंच त्याचं चुकलं.

भरमाप्पाची शुगर तेव्हा वाढलेली होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं, गौराबाईनं घरातला गूळ-साखर कुलपात घातली, तरी शुगर खाली येईना. चंद्री म्हैस नुकतीच व्यालेली, तिच्यासाठी वैरणीच्या खोलीत गुळाची ढेप होती. ती चंद्रीच्या मानानं फार लवकर झिजत होती. गौराबाईनं विचारलं, तर भरमाप्पानं सगळं उंदरांवर ढकललं.

तिनं वाद घातला नाही. त्याच्या जाकिटाचं अस्तर उसवलं, चकती आत ठेवली आणि नीट टाके घातले.

वैरणीची खोली खांबाच्या टप्प्यात होती. नवरा आत शिरला की गौराबाईच्या मोबाईलवर सात नंबर हलायला लागायचा. मग ती अंगणातून विचारायची, "अवो, उंदीर घावला का?" हिला भिंतीपलीकडचं दिसतं कसं, हे भरमाप्पाला उमगेना. धोंडुबाईच चुगली करत असणार, असं ठरवून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. आणि सापडू नये म्हणून एका दमात खायचं सोडून तो थोडं थोडं, वरचेवर खायला लागला.

गौराबाईला एक गोष्ट सुचली नव्हती. मोबाईलवर दिसणारं सगळं संगमेशच्या कॉम्प्युटरलाही जात होतं. म्हशी निवांत रवंथ करायच्या, म्हणून त्यांच्या चकत्या गप्प. सात नंबर मात्र दिवसभर बोलत होती. आत जाते, बाहेर येते, थबकते, पुन्हा आत जाते, अंगही गरम. मावशीनं नवी म्हैस घेतली असेल, असं संगमेशला वाटलं. कॉम्प्युटरनं सगळा हिशेब मांडला आणि सात नंबर माजावर आल्याचा निरोप थेट जनावरांच्या डॉक्टरांना पाठवून दिला.

डॉक्टर प्रियदर्शनी कृत्रिम रेतनाचं सामान घेऊन स्कूटरवरून आल्या आणि सात नंबरची म्हैस कुठली, म्हणून विचारलं.

वैरणीच्या खोलीच्या दारात भरमाप्पा मिशा पुसत उभा होता. आमच्याकडं सहाच म्हशी हायत, तो म्हणाला.

डॉक्टरांनी मोबाईलकडं पाहिलं. "असं कसं? आत्ताच ती ह्या खोलीतून बाहेर आलीय. दारातच उभी आहे."

गौराबाईनं पदर तोंडाशी धरला, पण ह्या वेळी काही निभावलं नाही. हसता हसता ती म्हशींच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या कडेवर बसली आणि डोळे पुसत तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर पाठ फिरवून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

भरमाप्पानं जाकीट काढलं, अस्तर चाचपलं, टाके तोडून चकती काढली आणि गौराबाईच्या हातावर ठेवली. मग डॉक्टरांकडं वळून अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, आलाच हायसा तर मुरकीला बघून जावा. ती कालपास्नं वैरणीला तोंड लावंना. आत येता-जाता बघतोय मी."

गौराबाईचं हसू जागच्या जागी थांबलं. मुरकीची चकती गप्प होती, म्हणजे ती बरी आहे, असं धरून ती चालली होती. डॉक्टरांनी पट्टा उलटून पाहिला. गव्हाणीवर आपटून चकती तडकली होती. मुरकीच्या अंगात ताप होता.

"मला सांगायचं न्हाय व्हय?" गौराबाईनं विचारलं.

"सांगणार हुतो. पर तू उंदरांच्या मागं हुतीस."

डॉक्टर इंजेक्शन देईपर्यंत गौराबाई मुरकीची वेसण धरून उभी होती आणि तिच्या कानाशी कानडीत काहीतरी पुटपुटत होती.

मुरकी बरी झाली. संगमेशला हे कळलं तेव्हा तो आधी हसला, मग लॅपटॉप उघडून चकत्यांचा नियम बदलायला बसला. आता नवं काही नसलं तरी प्रत्येक चकती अधूनमधून खांबाला आपण असल्याचं कळवते. त्याला थोडी जास्त वीज लागते, पण मुकी कोण आणि निवांत कोण, हे ओळखता येतं. गौराबाई तेवढ्यावरही विसंबत नाही. रोज धारेआधी एकेका म्हशीच्या मानेवर हात ठेवून बघते.

ढेप आता तिच्या कुलपात असते. पुढच्या तपासणीला भरमाप्पाची शुगर उतरली. जाकीट मात्र तो तिच्याकडं धुवायला देत नाही. स्वतःच धुतो, आणि वाळलं की घालायच्या आधी अस्तर इंच इंच चाचपून बघतो.