सुलाबाईचं समुद्रातलं झाड

माझी नणंद सुलाबाई. मानसानं इतकं हट्टी असू न्हाई, मी तिला तोंडावर सांगते. म्हसवडाकडच्या माळावर आमचं मेंढरांचं घर. दुष्काळात तिच्या सासरची मेंढरं मेली, तवा तिचा नवरा हरिबा लढाईच्या बोटीवर नोकरीला लागला. मुंबईच्या गोदीत बोट वर घेतली, की तिचं बूड खरवडायचं ह्ये त्याचं काम. एकदा सुट्टीवर आला तवा त्या बुडावरचं झुडूप घेऊन आला. वीतभर, पिवळट, पिसागत बारीक फांद्या. "समुद्रातलं झाड हाय, सुले," म्हनला. तिनं ते देवळीत ठेवलं. त्यो गेला त्यो गेलाच. त्रेचाळीस साली तार आली, बोट बुडाली, हरिबा बेपत्ता. मेला न्हाई, बेपत्ता!

आता करायचं काय? कुंकू पुसावं, तर नवरा जिता असंल. न पुसावं, तर जलम कसा काढायचा? तीन वर्सं ती झुडूप घेऊन आमच्याकडं माहेरी. रानात एकलीच बसायची, मेंढरांशी बोलायची. माझ्याशी बोलायला तिचं तोंड झिजत हुतं. शेवटी माझ्या मालकानं, बिराप्पानं, धुळा म्हनून एका मेंढक्याचं स्थळ काढलं. आमच्यात बाईचा पाट लागतो, दुसरं लगीन हुतं, त्यात लाज न्हाई. धुळा भला मानूस, बायको बाळंतपनात गेलेली. त्याची मेंढरं लांबनं दिसली, की ही पदर नीट करायची. मला काय डोळं न्हाईत?

तवा तिनं सिद्धनाथाला कौल लावला. झुडूप पानी घातलेल्या मातीच्या परळात उभं केलं आनि म्हनली, "नाथा, रथाच्या यात्रेपातूर ह्याला पालवी फुटली तर त्यो जिता. न्हाई फुटली तर मी मोकळी." आता सांगा, वाळून खडंग झालेल्याला पालवी फुटती व्हय? तिला मोकळंच व्हायचं हुतं. लय बरं वाटलं मला.

यात्रा झाली. पालवी न्हाई. पाटाचा दिवस ठरला, धुळ्याकडनं हिरवं लुगडं आलं.

आनि त्याच आठवड्यात रहिमतपुराकडचा नाथाजी दारात उभा. हरिबाच्या जोडीला बोटीवर हुता. बोट बुडाली तवा ह्यो दवाखान्यात, म्हनून वाचला. बिचारा भेटायला आला. चहा पिता पिता त्याची नजर परळाकडं गेली आनि हसला.

"आवं बाई, ह्याला पानी कशाला? ह्ये झाड न्हाई, जितराब हाय! बोटीवरच्या डाक्टरनं भिंगातनं दावलं हुतं. फांदीफांदीला बारक्या वाट्या, दर वाटीत एक तोंड, तोंडाभवती केसागत हात. पान्यातलं किडं धरून खातंय. एका तोंडानं खाल्लं की समद्यांना पोचतं, आत पोट एकच. खडकाला, बोटीच्या बुडाला, मिळंल तिथं चिकटतं. रत्नागिरीला बघा, कराचीला बघा, हायच. खाऱ्या पान्याबाहेर काढलं, की मेलं."

सुलानं झुडूप पान्यातनं बाहेर काढलं. "मग पालवी न्हाई फुटली, ह्यो कौलच न्हाई."

"आगं, झाड का जितराब, सिद्धनाथाला ठाव न्हाई व्हय?" मी वरडले.

"ठाव हुतं, वैनी. म्हनून तर देव काय बोलला न्हाई."

तिचं तोंड बघून नाथाजी घाबरला, सावरायला गेला. "पर ह्याचा तुकडा तुटून वाहत गेला, दुसऱ्या खडकाला लागला, तर तिथं फिरून वाढतो बी." मेल्या, कुनी इचारलं हुतं तुला?

"आनि मानूस वाहत गेला तर?" सुलानं इचारलं.

नाथाजीनं मान खाली घातली. 'न्हाई' म्हनायला त्याचं काय जात हुतं? आजबी त्याची आठवन आली की माझं डोकं फिरतं.

लुगडं परत गेलं. धुळा वरीसभर थांबला, दोनदा येऊन ओट्यावर बसून गेला. मग त्यानं शिरवळाकडची पोरगी केली. हळदीला वस्तीतल्या सवाशिनी बोलावल्या. सुलाच्या कपाळाला कुंकू, तिला वगळायचं कसं? धुळ्याच्या आईनं तिलाच पुढं केलं. धुळ्यानं डोळं मिटून घेतलं. सुलानं त्याच्या दोन्ही गालांना हळद लावली, बाकीच्या बायकांनी लावली तशीच.

घरी आल्यावर तिचं हात धुवायला मी पानी घेऊन आले. "ऱ्हाऊ दे, वैनी," म्हनली, आनि तसल्याच पिवळ्या हातानं मेंढरं सोडून रानात गेली.