इरल्याचा पाळणा

सुट्टीत आंदर मावळात सासरी होते, तेव्हा एका संग्रहालयाचा मावळच्या लोककलेवर ऑनलाइन कार्यक्रम होता. मी शिक्षिका, शाळेने सक्ती केली म्हणून बसले. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या.

तज्ज्ञ बाईंनी कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं इरलं दाखवलं आणि हा बाळाचा पाळणा आहे, असं सांगितलं. मग त्याच्या ‘मातृत्वाच्या आकारा’वर बोलत राहिल्या. तेवढ्या वेळात सासूबाईंनी भाताचं अख्खं खाचर लावलं असतं.

“आवं, ते इरलं हाय,” सासूबाई म्हणाल्या. “भात लावताना पावसात पाठीवर घेत्यात.”

बाईंनी आमचा आवाज बंद केला. शंका शेवटी विचारायच्या होत्या म्हणे.

सासूबाईंनी पडवीतलं स्वतःचं इरलं आणलं, पाठीवर घेतलं आणि भात लावताना वाकतात तशा कॅमेऱ्यासमोर वाकल्या. बाईंनी आमचा कॅमेराही बंद केला.

शंकांना शेवटी वेळ उरला नाही. प्रमाणपत्र मात्र लगेच आलं. मावळच्या संस्कृतीची मला आता प्राथमिक ओळख झाली आहे, असं त्यात होतं.

सासूबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, “आन् त्या बाईला कोन देनार?”